काळारामाच्या दरवाजाशीं

गेल्या चैत्रांत आमचें नाशिकास जाणें झालें. रामकुंडावर स्नान आटोपून पंचवटीच्या गल्ल्यांतून आम्ही काळारामाच्या पूर्व दरवाजाशीं आलों. पेशवाईंत सरदार रंगराव ओढेकरांनीं बांधविलेलें हें काळ्या दगडाचें देवालय. आवारास चारी दिशांना दरवाजे. यात्रेकरूची दृष्टि आंतल्या मूर्तीकडे धांवते. आमची या खेपेस दरवाजावरच थबकली.

२ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्यांची प्रचंड मिरवणूक येथें आली, तेव्हां हे दरवाजे लावून घेण्यांत आले. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही चारी दारांशीं बसूं लागले. त्यांत स्त्रियाही होत्या. ९ एप्रिलला रामाची रथयात्रा. रथ दोन्ही पक्षांनीं मिळून ओढावा असें ठरलें होतें. स्पृश्यांनीं तो परस्पर पळविला आणि सत्याग्रह्यांवर दगड पडले.

ते मारणारे कांहीं दरोडेखोर नव्हते. त्याच संध्याकाळीं नातवंडांस मांडीवर घेऊन त्यांनीं रामरक्षा म्हणविली असेल. मग हें क्रौर्य आलें कोठून? आम्हांस असें वाटतें कीं, कचेरींत साहेबापुढें आणि पेढीवर सावकारापुढें वाकणाऱ्या या माणसांपाशीं एकच सत्ता शिल्लक होती : एक दार लावून घेण्याची. तीही गेली तर आपण कोण, हें भय मोठें असतें. आणि भ्यालेला मनुष्य आपल्या भयास धर्म हें नांव देतो.

हें आम्ही तिऱ्हाइतासारखें सांगत नाहीं. आम्ही वर्षानुवर्षें छडी बाळगली. वरिष्ठांनीं पाणउतारा केला त्या दिवशीं ती अधिक चाले. आणि ज्याचा बाप शाळेंत येऊन जाब विचारणार नाहीं, अशाच पोराच्या हातावर चाले. आम्ही तिला शिस्त म्हणत असूं.

याच परिसरांत भवभूतीनें ‘उत्तररामचरिता’चा दुसरा अंक घडविला आहे. शंबूक या शूद्र तपस्व्यावर राम खड्ग उगारतो, पण हात पडत नाहीं. गर्भवती सीतेस घालवून देणाऱ्या रामाचा तूं हात, तुला दया कोठली, असें तो आपल्याच उजव्या हातास टोंचून बोलतो, आणि मग घाव घालतो. वध कवीलाही टाळतां आला नाहीं. परंतु हाताला हुकूम करावा लागतो, एवढें त्यानें पाहिलें. पाठशाळेंत हा अंक चालला तेव्हां शास्त्रीबोवांनीं समास सोडविले व ते पुढें गेले. आम्हीही कांहीं विचारलें नाहीं.

सत्याग्रह भाऊराव गायकवाडांनीं नेटानें चालविला; दार कांहीं उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांत येवल्यास डॉ. आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतांत १९४७ सालीं झाला. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; गायकवाडही त्याच वाटेनें गेले.

दरवाजा आज सताड उघडा असतो. आम्ही चपला काढल्या. सोबतचा नातू केव्हांच आंत पळाला होता. आम्हांस मात्र उंबरा ओलांडावयास अंमळ वेळ लागला.