अम्मीची काठवट

कोलशेतच्या घरात राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघरासाठी लाकडी भांडी घ्यायचं मी ठरवलं. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. नॉनस्टिक तवा आणि कढई घेतली होती, त्यांना स्टीलचा कालथा चालत नाही. शिवाय मोबाईलवर रोज फोटो दिसायचे: लाकडी बोलमध्ये कोशिंबीर, लाकडी ट्रेवर कबाब. मग एकदम सगळंच मागवलं. सहा चमचे, दोन उलथणी, एक मोठा बोल, एक ट्रे. साडेचौदाशे रुपये. इफ्तारला दस्तरखानावर मांडून फोटो काढला आणि मावसबहिणींच्या ग्रुपवर टाकला.

फोटो छान आला, भांडी टिकली नाहीत. चमच्यांवरचं चकचकीत वॉर्निश फोडणीच्या तेलात सुटायला लागलं. एकदा डाळीत त्याचा पापुद्रा निघाला आणि नवऱ्याने तो निमूटपणे ताटाच्या कडेला ठेवला. एक उलथणं मधोमध चिरलं. ट्रे तर पहिल्याच पावसाळ्यात काळा पडला. आमच्या खिडकीतून खाडी दिसते. घर दाखवणाऱ्याने ही गोष्ट फार रंगवून सांगितली होती. खाडीची ओल जून ते सप्टेंबर घरातच मुक्कामाला असते, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

लाकडातलं मला काहीच कळत नव्हतं. पहिला धडा मिळाला तो राबोडीतल्या मटणवाल्या चाचांकडे. त्यांच्या समोरचा ओंडका मी कित्येक वर्षं बघत होते. रोज शेकडो घाव झेलतो, तरी फुटत नाही. कसला आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "चिंच. दुसरं लाकूड सुऱ्याखाली भुसा सोडतं, तो मटणात जातो." रात्री दुकान बंद करताना ते ओंडका खरवडतात आणि वर मीठ पसरतात. तेलबिल काही नाही.

तेव्हापासून मी लाकूड हातात घेऊन बघायला लागले. वजनाला जड, रेषा एकमेकींना चिकटलेल्या, बोटाने दाबलं तर खूण न उमटणारं लाकूड स्वयंपाकाला बरं. शिसवी, चिंच, बाभूळ, कडुनिंब. कडुनिंबाला सुरुवातीला थोडा वास असतो, तो जातो. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि दिसायला देखणं, पण ओल धरतं आणि त्याला कीड लवकर लागते. लाखेचा रंग दिलेली भांडी सुंदर दिसतात, पण लाख उष्णतेने मऊ होते. ती भांडी सुक्या मेव्याला ठेवावीत, गरम सालनात घालू नयेत. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली रंगीत लाकडी फळं आमच्या लहानपणी घरात होती, ती पांगाऱ्याची. हलकं, मऊ लाकूड. खेळण्याला उत्तम, चमच्याला निरुपयोगी. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या उदयगिरीचे चमचे मी एका प्रदर्शनात घेतले. तिथे हे काम बहुतेक मुस्लीम कुटुंबंच करतात आणि त्या चमच्यांना जीआय मानांकनही आहे. त्यावर वॉर्निश नाही, म्हणूनच घेतले. अजून वापरात आहेत. पोळपाट-लाटणं जांभळी नाक्यावरून आणलं आणि दुकानदाराला न लाजता पोळपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघितलं.

तेलाचीही फसगत झाली. शेंगदाण्याचं तेल चोळून ठेवलं, ते महिन्याभरात खवट झालं. जवसाचं तेल लाकडात सुकून घट्ट होतं म्हणून ते बरं, पण खायचं जवस तेल घ्यावं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घेऊ नये, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात.

हे सगळं शिकून मी शहाणी झाले होते, तेवढ्यात अम्मी खेडहून आली. गोणपाटात गुंडाळलेली काठवट मांडीवर घेऊन तिने कोकण रेल्वेचा सगळा प्रवास केला होता. फणसाच्या एका ओंडक्यातून कोरलेली, तळाला घासून घासून पिवळ्याची तपकिरी झालेली, एका काठाला चीर गेलेली. "माझ्या मनगटात आता ताकद नाही. तू वापर," म्हणाली. माझ्याकडे स्टीलची परात होती. पण तांदळाची उकड परातीत मळताना अर्धी गार होते, तळ हाताला चटके देतो आणि परात ओट्यावर फिरत राहते. काठवट उकड गरम ठेवते आणि जागची हलत नाही. पहिल्या दिवशी माझी भाकरी कड न फाटता थापली गेली, तेव्हा अम्मी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

अम्मीचा एकच नियम होता. काठवटीत फक्त पीठ. मटण नाही, मासळी नाही, कांदासुद्धा नाही.

त्याच सुमारास सोसायटीतलं एक कुटुंब घर बदलत होतं आणि सामान विकत होतं. त्यांच्याकडून मी भाजी चिरायचा शिसवी पाट स्वस्तात आणला. अम्मीने विचारलं, "यावर काय काय कापलंय त्यांनी?" मला काय माहीत? मी तिला अबू सालबांची हदीस सांगितली. इतरांच्या भांड्यांबद्दल त्यांनी विचारलं होतं, तेव्हा दुसरी भांडी मिळाली नाहीत तर तीच धुऊन त्यात खा, असं उत्तर मिळालं होतं. डीन क्लायव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाचंही सांगितलं. 1994 साली त्यांच्या प्रयोगात लाकडी पाटावर टाकलेले जंतू थोड्या वेळाने सापडेनासे झाले आणि सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर मात्र टिकून राहिले. अम्मीने दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला दुसरा मिळतो ना? मग. आणि स्टील धुतलं की झालं. लाकूड पितं." पाट परत गेला.

मग गणपती आले. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या कोलशेत गावातल्या, आगरी. गावातलं त्यांचं जुनं घर पाडून नवी इमारत झाली, त्या गडबडीत त्यांच्या सासूची काठवट कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. आमची काठवट दिसली की त्या तिच्या काठावरून हात फिरवायच्या. मोदकाची उकड काढायची होती, म्हणून मीच म्हटलं, "काकू, काठवट न्या ना. हिच्यात फक्त पीठच मळतो आम्ही."

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको गं. नैवेद्याचं आहे. गौरीच्या जेवणाला नेईन." त्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मासळी-मटणाचा.

मी हसून बरं म्हटलं आणि दार लावल्यावर ओट्यापाशी उभी राहिले. या शहरात घर शोधताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि त्यातले निम्मे लोक स्वतः मासळी खाणारे होते. काकूंकडेही आठवड्यातून पाच दिवस मासळी शिजते. मग त्यांना नको होतं ते काय? मटणाचा हात लागलेली काठवट, की आमचा हात लागलेली? पीठच मळतो असं मी सांगितलं होतं, त्यावर त्यांनी काही विचारलंही नाही.

अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "तू आणलेला पाट मी परत पाठवला, तेव्हा त्या लोकांना काय वाटलं असेल?"

मी म्हटलं, पाटावर काय कापलंय ते आपल्याला माहीत नव्हतं, काठवटीचं मी काकूंना सांगितलं होतं. त्यावर अम्मीकडे उत्तर नव्हतं. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असं ती अजून म्हणते. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी सकाळी काकू खरंच आल्या आणि काठवट घेऊन गेल्या. संध्याकाळी धुऊन, पुसून परत आणली. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून तिच्यात पाच भाकऱ्या आणि झाकलेल्या वाटीत कोलंबीचं सुकं होतं. "मटण नाही आणलं," दारातच म्हणाल्या, "तुमचं हलालचं असतं ना. कोलंबी चालते, विचारून घेतलंय मी."

कुणाला विचारलं, ते त्यांनी सांगितलं नाही. भाकऱ्या माझ्यापेक्षा पातळ आणि मऊ होत्या. जेवण झाल्यावर अम्मीने काठवट नाकाजवळ नेली, मला मीठ आणि अर्धं लिंबू मागितलं आणि बाल्कनीत, पाऊस थांबला होता तेवढ्यात, ती घासायला बसली.