खेळाडू की खिलाडू?

म्हैसूरजवळ, हुणसूर रस्त्याला लागून हूटगळ्ळी आहे. कारखान्यातल्या नोकरीपायी येथे स्थायिक झालेल्या एका मराठी घरात एका स्पॅनिश शब्दावरून चांगलाच वाद रंगला. घरातली लेक नोकरीत उपयोगी पडावी म्हणून स्पॅनिश शिकतेय. स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. 'मी खेळाडू आहे' अशा अर्थाने तिने लिहिले, 'सोय देपोर्तिवा'. बाईंनी लाल रेघ मारून शेजारी लिहिले, 'देपोर्तिस्ता'.

'देपोर्ते' म्हणजे खेळ. खेळणारी व्यक्ती देपोर्तिस्ता. स्त्री असो वा पुरुष, शब्द तोच. 'देपोर्तिवो' मुख्यतः वस्तूंसाठी, आणि तो मात्र लिंगाप्रमाणे बदलतो. खेळाचे कपडे 'रोपा देपोर्तिवा', तर स्पोर्ट्स कार 'कोचे देपोर्तिवो'. बार्सिलोनाचे १९०६ पासूनचे क्रीडा दैनिकही 'मुंदो देपोर्तिवो'च.

गंमत म्हणजे देपोर्तिवो माणसालाही लावता येतो. पण तेव्हा त्याचा अर्थ बहुधा नियमाने खेळणारा, हार हसत स्वीकारणारा असा होतो.

"अगं, मग अवघड काय त्यात?" आई म्हणाली. "एक खेळाडू, दुसरा खिलाडू!"

आईचे म्हणणे खरेच. मराठीत ही वाटणी आधीपासून आहे. बूट 'खेळाडू' नसतात, खेळाचे असतात. 'खेळकर' माणसाने तर जन्मात बॅट धरलेली नसली तरी चालते.

बाबांना लगेच कर्नाटकचेच गुंडप्पा विश्वनाथ आठवले. फेब्रुवारी १९८०, वानखेडे स्टेडियम. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिले होते. तो बाद नाही असे वाटल्याने कर्णधार विश्वनाथनी त्याला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. त्या दिवशी विश्वनाथ देपोर्तिस्ता होतेच, पण लोकांच्या लक्षात राहिले ते देपोर्तिवो म्हणून. सामना घालवून मिळालेले विशेषण आहे ते, स्वस्त नव्हे.

लेकीची अडचण मात्र व्याकरणाची नव्हतीच. गुडघा दुखावल्यापासून पाच वर्षांत ती खो-खोच्या मैदानावर उतरलेली नाही. न खेळणाऱ्या मुलीने स्वतःला देपोर्तिस्ता म्हणवून घ्यायचे का? बाईंची दुरुस्ती बरोबर होती, पण वाक्य खोटे होत होते.

"मग देपोर्तिवाच राहू दे," आई म्हणाली. "खेळ सुटला तेव्हा एका शब्दाने कुरकुरली नाहीस तू."

"ही आणि खिलाडू?" धाकटा भाऊ ओरडला. "परवा कॅरममध्ये हरल्यावर सोंगट्या कुणी उधळल्या?"

सगळे हसले. तीही हसली. मग तिने वही ओढली आणि लिहिले, 'फुई देपोर्तिस्ता'. मी खेळाडू होते.

आईने ते 'होते' दोनदा वाचले आणि काही न बोलता कुकर लावायला आत गेली.