पाच मोजेपर्यंत

पहिल्यांदा चटई अंथरली तेव्हा मला चौथा महिना लागला होता. पालेगावातलं आमचं घर अकराव्या मजल्यावर. हॉलमधला सोफा सरकवला की एक माणूस हातपाय पसरून झोपेल एवढीच जागा होते. खिडकीतून एमआयडीसीच्या शेड दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर मलंगगडाची रांग. शाळेतल्या कवायतीनंतर मी व्यायाम म्हणून काही केलेलं नव्हतं. वर्ग लावायचं मनात होतं, पण ठाण्याहून लोकलने अंबरनाथ आणि तिथून शेअर रिक्षाने घर गाठेपर्यंत साडेसात वाजायचे. खड्ड्यांतून आल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने बाहेर पडायला जीव धजत नसे. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

डॉक्टर बाईंनी परवानगी देताना बजावलं होतं : कपालभाती नको, भस्त्रिका नको, श्वास कोंडायचा नाही, पोटाला पीळ किंवा दाब पडेल असं काही करायचं नाही. काय करू नये ते समजलं, काय करावं ते कळेना. मोबाइलवर एक बाई भरल्या दिवसांत शीर्षासन करताना दिसायची, तर दुसरी सांगायची की हात डोक्याच्या वर नेऊच नका. कोणाचं खरं मानायचं? शेवटी मी पुण्याच्या नणंदेला फोन केला. ताई बरीच वर्षं शिवाजीनगरच्या अय्यंगार योग संस्थेत जाते. पुढच्या शनिवारी ती गीता अय्यंगार यांचं स्त्रियांसाठी लिहिलेलं पुस्तक घेऊनच आली. बी.के.एस. अय्यंगारांच्या या थोरल्या मुलीने ते १९८३ साली लिहिलं, आणि पाळीपासून बाळंतपणापर्यंतच्या बाईच्या शरीराचा त्यात वेगळा विचार आहे. हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या अवस्थेचा कोणीतरी इतका बारकाईने विचार करून ठेवलाय, याचाच आधार होता.

ताईने घरातून सामान गोळा केलं : बैठकीचा लोड, जुनी सुती ओढणी, स्वयंपाकघरातला पाट. “ताणून काही करायचं नाही. जिथे अंतर पडतंय तिथे खाली आधार घालायचा,” ती म्हणाली. भिंतीला पाठ टेकून ताडासन, पाटावर बसून बद्धकोणासन, हातागुडघ्यांवर येऊन मार्जारासन, भ्रामरी आणि शेवटी शवासन. एवढंच. पंधरा-वीस मिनिटांत संपायचं. हे फारच कमी होतंय असं वाटून मी डॉक्टरांना विचारलं. गरोदरपणात गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात चालणंही धरायचं, म्हणाल्या.

सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी नेहमीसारखी शवासनात उताणी पडले आणि दोन-तीन मिनिटांत कानात गूं-गूं सुरू झालं, घाम फुटला, छातीत घाबरं झालं. सासूबाई धावत आल्या, “अगं, कुशीवर हो आधी!” डावीकडे वळले आणि हळूहळू सगळं निवळलं. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने वर हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्त परतायला अडचण होते, हे नंतर कळलं. सासूबाईंना ही शीर माहीत नव्हती. डाव्या कुशीवर झोपायचं, एवढं त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. त्या दिवसापासून माझं शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन.

मला खरा चकवा दिला तो लवचिकपणाने. सातव्यात बद्धकोणासनात गुडघे जमिनीला टेकायला लागले. इतक्या दिवसांच्या सरावाचं फळ मिळालं म्हणून मी रोज आणखी थोडं दाबत गेले. आठवड्याभरात जांघेच्या मधल्या हाडात अशी कळ यायला लागली की सलवार घालताना एका पायावर उभं राहता येईना. डॉक्टरांनी समजावलं, या दिवसांत रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाने सांध्यांचे बंध सैलावतात. मी ज्याला प्रगती समजत होते तो शरीराने बाळासाठी दिलेला सैलपणा होता, आणि मी तो उधळत होते. मग मांड्यांखाली पुन्हा उशा आल्या, पाय कमी फाकवायचे ठरलं, कपडे बसून घालू लागले. कळ कमी झाली, पूर्ण गेली मात्र बाळंतपणानंतरच.

बाळंतपण टाके घालून, पण नीट पार पडलं. आई आली. शेक, मालीश, डिंकाचे-अळिवाचे लाडू सगळं सुरू झालं. विसाव्या दिवशी बाळ झोपलेलं पाहून मी सूर्यनमस्काराचा प्रयत्न केला. तीन घातले आणि संध्याकाळी रक्तस्राव वाढला. आई रागावली नाही. पोटाला सुती पट्टा बांधता बांधता एवढंच म्हणाली, “सव्वा महिना तरी धीर धर गं.” डॉक्टरांनी तपासलं, सहा आठवडे श्वासाशिवाय काही नको म्हणाल्या, आणि पोट कसं तपासायचं ते शिकवलं : उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, मान किंचित उचलायची आणि बेंबीच्या वर बोटं ठेवायची. माझी तीन बोटं मधल्या खाचेत आत गेली. पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले, मध्ये नुसतं मऊ मऊ. मी कितीतरी वेळ तिथून हात काढला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी बायका बोलत नाहीत. शिंकलं, खोकलं की लघवीचे थेंब पडायचे. त्यावरचा व्यायाम दिसत नाही, ऐकू येत नाही. लघवी अडवून धरल्यासारखं आतून वर ओढायचं, पाच मोजायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. श्वास चालू ठेवायचा. पहिले दहा-बारा दिवस मला आपण नेमकं काय आवळतोय तेच समजत नव्हतं. पाजताना करायचे, पाळणा हलवताना करायचे.

एकदा आईला हे सगळं सांगितलं. ती दुपटी घडी करत होती. हात थांबले. “मलाही होतं,” ती म्हणाली, “तुझ्या वेळेपासून.” म्हणजे एकतीस वर्षं. लग्नकार्याला जाताना ती पाणी का पीत नाही, एसटीत का अवघडून बसते, ते मला त्या क्षणी उमगलं. तिला वाटायचं, हे असंच असतं. पुढच्या तपासणीला मी तिलाच आत घेऊन गेले. या वयातही सरावाने फरक पडतो, डॉक्टर म्हणाल्या.

बाळ आता सात महिन्यांचं आहे. माझ्या बेंबीवरची खाच दीड बोटावर आलीय. आई गावाला परत गेली. रोज रात्री नऊला तिचा फोन येतो. बाळाने काय खाल्लं, ते झोपलं का, एवढं झालं की दोघी गप्प होतो आणि मी मोजायला लागते.