अन्योन्य मंडळी आणि विधवेचे तेल



महिन्याच्या सुरुवातीला पगार येतो आणि दहा तारखेपर्यंत हप्त्यांत निघून जातो, हे आपल्यापैकी पुष्कळ घरांत चालते. गाडीचा हप्ता, जूनमध्ये मुलांच्या फीसाठी घेतलेले उसने, लग्नासाठी गहाण ठेवलेले दागिने, नाताळच्या खरेदीचे क्रेडिट कार्ड. कर्जाची लाज वाटते, म्हणून ते लपवले जाते. नवऱ्याने घेतलेले बायकोला ठाऊक नसते आणि बायकोने घेतलेले नवऱ्याला. वसुलीचा माणूस दारात उभा राहिला की घराला कळते. मग तो बंधू उपासनेला यायचा थांबतो, कारण बाकावर ज्याच्या शेजारी बसायचे त्याचेही देणे असते. पैसा तर जातोच. पण आपल्यातून माणूस जातो, याची मंडळीत सेवा करताना आम्हाला अधिक चिंता वाटते.

2 राजे, अध्याय 4 मध्ये अशाच एका घराची गोष्ट आहे. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक जण वारला. तो देवाचे भय धरणारा होता, तरी कर्ज मागे ठेवून गेला. सावकार त्याच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला. म्हणजे कर्ज देवभीरू घरातही शिरते. कर्जदाराला पाहून त्याच्या विश्वासाचे माप काढू नये.

त्या विधवेने काय केले, ते क्रमाने पाहू. तिने आपली स्थिती अलीशाला उघड सांगितली. अलीशाने तिला, घरात काय आहे, असे विचारले. होते फक्त तेल, थोडेसे. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला पाठवले. दार लावून ती तेल ओतत गेली आणि मुले भांडी पुढे करत गेली. भांडी संपली, तेव्हा तेल थांबले. मग तेल विकायचे, आधी देणे फेडायचे आणि उरलेल्यावर घर चालवायचे, असे त्याने सांगितले.

चमत्कार देवाचा होता. पण सांगणे, मोजणे, शेजाऱ्यांकडे जाणे, मुलांनी हात लावणे आणि देणे आधी चुकते करणे, ही कामे त्या घराची होती. ती आपल्यालाही करता येतात.

आपल्या बडोद्यात या गोष्टीशी जुळणारा इतिहास घडला आहे. 1889 साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या काही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी एक पतसंस्था काढली. सगळ्यांनी थोडेथोडे साठवायचे आणि ज्याला नड असेल त्याला त्यातून द्यायचे. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 साली आला आणि बँक ऑफ बडोदा 1908 साली निघाली; ही संस्था त्याआधीची. नागरी सहकारी पतपेढ्यांचा इतिहास सांगताना सुरुवात तिच्यापासून करतात. पुढे तिची सहकारी बँक झाली. आज ती चालू नाही. पण तिचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे: अन्योन्य सहकारी मंडळी. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. आणि मंडळी हा तर आपण ख्रिस्ती लोक रोज वापरतो तो शब्द. एकमेकांची ओझी वाहायला पौलाने गलतीकरांना सांगितले, त्यात पैशाचे ओझे वगळलेले नाही.

म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी नवरा-बायकोने, कळत्या मुलांना घेऊन, एक कागद पुढे ठेवावा. कोणाचे देणे, किती बाकी, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, हे सगळे लिहावे. शेजारणीकडून घेतलेले 500 रुपयेही लिहावेत. मग व्याज पाहावे. कार्डावर 20,000 रुपये बाकी असतील आणि व्याज महिन्याला 3 टक्के असेल, तर 600 रुपये नुसते व्याजच होते. आपण 1,000 भरले, तर मूळ कर्जातून फक्त 400 कमी होतात; 3,000 भरले, तर 2,400. म्हणून बाकीचे हप्ते वेळेवर भरत राहावे आणि जे जास्तीचे उरेल ते सर्वांत जास्त व्याजाच्या देण्यावर घालावे. ते फिटले की तीच रक्कम पुढच्यावर. तोवर नवे कर्ज नको, आणि भिडेखातर कोणाला जामीन राहणेही नको. नीतिसूत्रांत त्याबद्दल स्पष्ट इशारा आहे. परवाना नसलेला सावकार व्याजासाठी धमकावत असेल, तर गप्प बसू नये. गुजरातमध्ये 2011 चा सावकारी कायदा आहे. पोलिसांकडे जाता येते.

आणि मंडळीचे काम? विधवेच्या शेजाऱ्यांनी तिला पैसे दिले नाहीत, रिकामी भांडी दिली. आपणही एवढे करू शकतो. हिशेबाची सवय असलेल्या एखाद्या काकांनी कागद घेऊन शेजारी बसावे. बँकेत जाताना कोणी सोबत जावे. लग्नात, बाप्तिस्म्याच्या जेवणात कोणी साधेपणा केला, तर त्याची चर्चा करू नये. ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. एखादा बंधू दोन रविवार दिसला नाही, तर त्याच्या घरी जावे, आणि त्याच्याकडून आपलेच येणे असेल, तर आधी जावे.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या घरात जे थोडे आहे ते आम्हाला दाखव. लपवलेले उघड करण्याचे धैर्य दे, प्रत्येकाचे देणे चुकते करण्याची चिकाटी दे, आणि आम्हाला एकमेकांची मंडळी कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.