मातीचा गाडा, सोन्याचा गाडा

उज्जयिनीतलं एक लहान पोर हटून बसलंय. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाड्याशी ते खेळलं, मग ज्याचा गाडा त्याने तो परत नेला. दासीने समजूत काढायला मातीचा गाडा करून दिला, पण तो काही त्याला नको. एवढ्यात वसंतसेना येते. नगरातली धनाढ्य गणिका, अंगभर दागिने, आणि या पोराच्या बापावर, दानधर्म करून कफल्लक झालेल्या चारुदत्तावर जीव जडलेली. ही तुझी आईच समज, असं दासी मुलाला सांगते. मुलगा साफ नाकारतो. आई असती तर तिच्या अंगावर इतके दागिने कसे असते, हा त्याचा रोकडा सवाल. वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. ती एकेक दागिना उतरवते आणि मातीच्या गाड्यात भरते.

आईच्या अंगावर सोनं नसतं, हे त्या पोराला कुणी शिकवलं? कुणीच नाही. घरात जे दिसलं त्यावरून त्याने जगाचा हिशेब मांडला.

शूद्रकाचं हे संस्कृत नाटक ‘संगीत मृच्छकटिक’ म्हणून मराठी रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात, संगमेश्वराचं देऊळ जिथे उभं आहे, ते हे गाव. शेजारच्या सांगलीत १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं होतं. म्हणजे या मुलखात नाटकाचा पडदा वर गेला तोच एका लग्नाच्या पणावर. पुढे देवलांनी लग्नाची गोष्ट राजवाड्यातून काढून भटा-भिक्षुकाच्या ओसरीवर आणली. त्यांचं ‘संगीत शारदा’ किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ मध्ये रंगमंचावर आणलं.

शारदा वयाने अजून कोवळी पोर. तिला मागणी घालतो पंचाहत्तर वर्षांचा गर्भश्रीमंत भुजंगनाथ. मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित दोन्हीकडून आपली पोळी भाजून घेतो. कोदंड हा तरुण आहे, नव्या विचारांचा आहे, पण पदरी पैसा नाही. वरवर पाहता श्रीमंत दुष्ट आणि गरीब सज्जन अशी ही सोपी वाटणी वाटते. पण देवल तिथे थांबत नाहीत. शारदेला विकायला काढणारा तिचा बाप कांचनभट हा काही धनिक नव्हे. पैशाचं वेड आहे ते त्याच्या घरात. श्रीमंताच्या घरी पडली की पोरीचं कल्याण झालं, ही त्याची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेआड त्याची हावही सुखाने नांदते आहे. शारदेच्या मैत्रिणी थट्टा करतात त्यातही दागिन्यांचं आणि वाड्याचं आकर्षण डोकावतं. एवढ्याशा मुलींनाही घरातलं पैशाचं बोलणं पाठ झालेलं असतं.

आणि लग्न मोडतं कशावर? मुलीच्या नकारावर नाही. वधू-वर एकाच गोत्राचे निघतात, म्हणून. शारदेच्या अश्रूंना त्या मांडवात वजन नव्हतं, गोत्राला होतं. देवलांना आपला प्रेक्षक पुरता ठाऊक होता.

त्याच सांगलीत १८९८ साली वि. स. खांडेकर जन्मले. त्यांच्या १९३४ च्या कादंबरीचं नाव ‘दोन ध्रुव’, त्याआधीच्या एकीचं ‘कांचनमृग’. नावांवरूनच लेखकाचा कल कळतो. खिसा रिकामा आणि डोळ्यांत स्वप्नं असलेला तरुण, आणि वैभवाच्या पिंजऱ्यात घुसमटणारी सुशिक्षित तरुणी, ही जोडी त्या काळच्या मराठी कथा-कादंबऱ्यांनी घरोघरी पोचवली. वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशाखाली ठेवून झोपलेल्या किती मुलींनी त्या ध्येयवादी तरुणावर मन ठेवलं असेल! पण या वाचनाने आणखी एक गोष्ट रुजवली. गरिबी म्हणजे मनाची श्रीमंती आणि पैसा म्हणजे काळजाचा दगड, हे समीकरण. वाड्यातली माणसं गरिबाला ‘हे आपल्या पैशावर डोळा ठेवून आहेत’ म्हणतात. तशीच चाळीतली माणसं श्रीमंताला ‘यांच्यात माणुसकी कुठली’ म्हणतात. एकाच्या बोलण्यात तोरा, दुसऱ्याच्या बोलण्यात स्वाभिमान, इतकाच फरक. मुलांच्या वाट्याला दोन्ही घरांतून संशयच येतो.

हा संशय वर्षानुवर्षं टिकतो कसा, ते हरिपूरच्या पेवांवरून समजावं. जमिनीच्या पोटात खोल खणलेल्या या पेवांत हळद ठेवायची, तोंड बंद करायचं. हवा नाही, कीड नाही. वर्षं गेली तरी माल जसाच्या तसा. सांगलीच्या हळदीचा व्यापार पिढ्यान् पिढ्या या पेवांवर चालला. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं, अनेक पेवं कायमची निकामी झाली आणि माल शीतगृहांत गेला. घराघरांतल्या मतांची पेवं मात्र त्या पुरातूनही कोरडीच राहिली.

खरं तर या जिल्ह्यात पैसा एका जागी कधी थांबलाच नाही. १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा निघालेला दक्षिण सातारा १९६० मध्ये सांगली जिल्हा झाला. त्याच्या अंगावर एक न दिसणारी रेघ पहिल्यापासून होती. पश्चिमेला वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ, ऊस आणि हळदीचा. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, म्हणजे पाऊस पडला तर ज्वारी, नाही तर मेंढरं. काठावरचे बागायतदार पूर्वेला मुलगी देताना दहादा विचार करत. ‘पोरीला हंडा घेऊन कोसभर चालायला लावायचं का?’ हा प्रश्न खोटा नव्हता. पण तो विचारता विचारता एक निकाल ठरून गेला, की तिकडची माणसंच हलकी.

मग त्या दुष्काळी भागातली माणसं घराबाहेर पडली. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या घरांनी गलाईचा धंदा धरला. सराफाच्या पेढीवर सांडलेली धूळ आणि जुने दागिने भट्टीत घालायचे, आम्लात धुवायचे आणि शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची. या कसबावर ही माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत पोचली. गावी बंगले उभे राहिले, एरवी कुलूपबंद, यात्रेला आणि लग्नसराईला उघडणारे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी पूर्वेला चढवलं, तिथे द्राक्षं-डाळिंबं डोलू लागली. इकडे काठावर वाटण्या होऊन तुकडे पडले, २००५ आणि २०१९ च्या पुरांनी ऊस झोपवला. रेघ पुसट झाली. तरीही सोयरिकीची बोलणी निघाली की आजोबा विचारतात, ‘कुठलं गाव म्हणालात?’ आणि गावाचं नाव ऐकून त्यांचा चेहरा आपोआप बदलतो.

सतरा-अठराच्या पोरांना ही रेघ ठाऊक नसते, असं नाही. कॉलेजच्या दारात पहिल्या दिवशीच ती दिसते. कुणी नव्या स्कूटीवरून येतं, कुणी एसटीने. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट, बापाचं उत्पन्न न विचारता, मुलांना सवलतीत. पण गाडीत सगळे एकाच दांडीला धरून उभे. वही मागायला सुरुवात होते. प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करून द्यायची, भडंगाची पुडी दोघांत फोडायची. बागायतदाराची पोरगी डब्यात काय आणते आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा पोरगा दुपारी काय खातो, हे एकमेकांना ठाऊक होतं. पुढे कुणीतरी घरी सांगतं.

मग चौकशा सुरू. मुलीच्या घरात, ‘त्यांची ऐपत काय? आपल्या तोलामोलाचे आहेत का?’ मुलाच्या घरात, ‘थोरामोठ्यांच्या नादी लागू नको रे, उद्या आपल्यालाच उन्हात उभं करतील.’ दोघेही मुलांच्या भल्याचंच बोलतात. बऱ्याचदा ‘तोलामोल’ हा शब्द जातीवर पांघरूण घालायला सोयीचा पडतो. पैसा नाही म्हणून नकार दिला, असं चारचौघांत सांगता येतं. दुसरं कारण सांगताना आवाज खाली घ्यावा लागतो. नागराज मंजुळेंच्या २०१६ च्या ‘सैराट’ने हे पांघरूण ओढून काढलं. पाटलाची आर्ची आणि मच्छीमाराचा परशा यांच्यामध्ये फक्त गरिबी उभी नव्हती, हे थिएटरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

बोलणी फिसकटली की कायदा आठवतो. १९२९ च्या बालविवाह कायद्यात मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदा वर्षं होती. आज मुलीला अठरा, मुलाला एकवीस. ही मर्यादा हवीच, नाही तर प्रत्येक कांचनभटाचं फावेल. पण २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतली संमती मानत नाही, आणि पोरं पळाली की वडीलधाऱ्यांच्या हातात हेच हत्यार येतं. ज्या कायद्याने मुलीला वाचवायचं, तो कधी कधी घराण्याच्या नाकासाठी वापरला जातो.

याच गावांनी एकेकाळी लग्नातला पैसा उखडायचा प्रयत्न केला होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारने १९४० च्या दशकात गावोगावी ‘गांधी लग्नं’ लावली. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. हार घालायचे आणि मोकळं व्हायचं. इंग्रजांशी लढताना बस्त्याच्या खर्चाशीही लढायला हवं, हे त्या माणसांना उमगलं होतं. आता त्याच गावांत लग्नाआधीचं शूटिंग द्राक्षबागेत होतं, वर ड्रोन फिरतो आणि पत्रिकेवर आमदारांचं नाव असतं.

पैशाबद्दलचा पूर्वग्रह मात्र नवं वळण घेतोय. ‘शेती पाहिजे, पण शेतकरी नवरा नको’, हे आता शेतकऱ्यांच्याच घरात ऐकू येतं. पाच एकर बागायत, ट्रॅक्टर, बंगला असलेल्या पोराला स्थळं येत नाहीत. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून पगार घेणाऱ्याला येतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. घोडे होते, वाजंत्री होती, आणि हातात कलेक्टरांना द्यायचं निवेदन. तशाच वयाची पोरं सांगली-साताऱ्यातही गावोगावी बसून आहेत. यातल्या कुणाकुणाच्या घरी दहा वर्षांपूर्वी, बारावीच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव निघालं असेल, आणि ‘आपल्या तोलाची नाही’ म्हणून आबांनी विषय मिटवला असेल. आता आबाच वधू-वर मेळाव्याचे फॉर्म भरतात. उत्पन्नाच्या रकान्यात थोडं वाढवून लिहितात, गावाच्या रकान्यात तालुक्याचं नाव टाकतात, आणि ‘अपेक्षा’ या रकान्यापाशी पेन थांबवून पोराला हाक मारतात.