ठणका, कळ की नुसतं जड?



आजचा विषय जरा नाजूक आहे, पण ज्यांच्या घरात वाढते मुलगे आहेत त्यांनी जरूर वाचावा, आणि मुलांनीही वाचावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आमच्या नातवाला, वय वर्षे १९, डाव्या वृषणाकडे दुखत होतं. सात-आठ महिने पोरगा गप्प. एका लग्नात हा सारखा बसायला खुर्ची शोधतो हे त्याच्या आजीच्या लक्षात आलं, म्हणून समजलं. डॉक्टरांनी तपासून नाव सांगितलं, व्हेरिकोसील. म्हणजे आपल्या वयात पायावर फुगलेल्या शिरा दिसतात ना, तोच प्रकार वृषणाच्या वर. शंभरात सुमारे १५ पुरुषांना तो असतो, पण दुखतं थोड्यांनाच. बहुतेक वेळा डावीकडेच, कारण डावी शीर लांब, आणि वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. आतल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली साचतं.

सुनेने विचारलं, "ऑपरेशन केलं तर दुखणं नक्की जाईल का?" डॉक्टरांनी उत्तराऐवजी मुलालाच विचारलं, कसं दुखतं? हिब्रूत त्याचं एकच उत्तर, "कोएव्ह." मग मी मराठीत विचारलं. ठणकतं? कळ येते? चमक मारते? की ओढल्यासारखं होतं? आजीच्या हाताखाली वाढलेला, त्याला सगळं कळतं. म्हणाला, "जड, सबा. संध्याकाळी दगड बांधल्यासारखं. झोपलो की जातं."

या एका वाक्याचा डॉक्टरांना फार उपयोग झाला. जड, मंद दुखणं, उभं राहून वाढणारं, तीन महिन्यांहून जुनं, आणि शिरा चांगल्या फुगलेल्या, असं असेल तर ऑपरेशनने आराम पडण्याचा संभव जास्त. सुई टोचल्यासारखी तीव्र कळ असेल तर भरवसा कमी, दुखण्याचं मूळ दुसरीकडेही असू शकतं. सगळ्या अभ्यासांचं यावर एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. नीट निवडलेल्या रोग्यांत दहापैकी आठ-नऊ जणांना बरं वाटतं. उरलेल्या एक-दोघांत आपला मुलगा नसेलच, असं कोणी लिहून देत नाही.

आधी काही आठवडे गोळ्या आणि घट्ट आधाराची चड्डी. (आपल्या जुन्या लोकांचा लंगोट काय वाईट होता!) फरक पडला नाही, तेव्हा ऑपरेशन. जांघेत छोटा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत फुगलेल्या शिरा बांधतात. धमनी आणि लसिकावाहिन्या मात्र राखायच्या, नाहीतर पुढे पाणी साचतं. शिरा बांधण्याची युक्ती जुनी आहे, अर्जेंटिनाच्या इव्हानिसेविच यांनी १९१८ मध्येच आपली पद्धत मांडली होती.

पहिला महिना दुखलंच, सून रडकुंडीला आली. तिसऱ्या महिन्यात जडपणा गेला. दिवसभर उभं राहिला तर अजून थोडं जाणवतं, पण खुर्ची शोधत नाही.

मुलांनो, तिथे अचानक जोराचं दुखलं, उलटी आली, तर ते वेगळं. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. लाजू नका, रात्र असली तरी आईबाबांना उठवा आणि ताबडतोब इस्पितळात जा, तासातासाला महत्त्व आहे. आणि आजोबा मंडळी, उतारवयात अशी सूज नव्याने आली, विशेषतः उजवीकडे, किंवा आडवं झाल्यावरही ओसरत नसेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या.