चाल

पारोळ्याच्या अलीकडे निंबाच्या सावलीत चहाला थांबलो होतो. विशीतला एक मुलगा माझ्या गाडीभोवती फिरला, टाकीवरून हात फिरवला, वाकून इंजिन बघितलं आणि म्हणाला, "काका, किती पळते?"

आमच्याकडे मोटारसायकलबद्दल दोन प्रश्न विचारतात. वडीलधारे विचारतात, "किती देते?" आणि पोरं विचारतात, "किती पळते?" पहिल्याचं उत्तर लिटरमागे, दुसऱ्याचं तासामागे. मी खरं ते सांगितलं. नव्वदपर्यंत मजेत जाते, शंभरला तळहातांना मुंग्या येतात, त्यापुढे मी नेत नाही. "साडेतीनशे सीसी असून?" तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती, उलट काळजीच होती. "कंटाळा नाही येत?" मग तो स्वतःच्या चारशेवर बसला आणि गेला. मी अजून चहावर फुंकर घालत होतो, तोवर तो मुकटीच्या वाटेवर ठिपका झाला होता.

कंटाळा नाही येत? हा प्रश्न धुळ्यापर्यंत माझ्या मागच्या सीटवर बसून आला.

जळगाव ते धुळे नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. आठवड्यातून एकदा जायचं, दुसऱ्या दिवशी परतायचं. नवी गाडी कुणालाही आवडते, त्यात नवल नाही. पण चार वर्षांनी, रस्त्यातला एकेक गतिरोधक पाठ झाल्यावर, ती खरंच आवडते की अंगवळणी पडलीय म्हणून आवडते असं वाटतं? बायकोला विचारलं तर म्हणाली, आवडत नसती तर दर रविवारी दात घासायच्या ब्रशने तिचे फिन्स साफ केले नसते. हा पुरावा मला पुरेसा वाटला नाही.

माझी गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक, २०२१मध्ये आलेल्या नव्या इंजिनाची. ३४९ सीसी, वीस अश्वशक्ती, वजन १९५ किलो. पुतण्याकडे केटीएमची ३९० ड्यूक आहे, आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेली. ३७३ सीसी, त्रेचाळीस अश्वशक्ती. सीसीत जेमतेम चोवीसचा फरक आणि ताकद दुप्पट. असं का, ते इंजिनाच्या पोटात बघावं लागतं. माझ्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टन वरखाली जातो ते अंतर ८५.८. ड्यूकचा व्यास ८९ आणि अंतर फक्त ६०. एक विहीर आणि एक परात. विहिरीतल्या पिस्टनला लांबचा पल्ला असतो, तो मिनिटाला फार फेऱ्या मारू शकत नाही, पण एकेक ठोका भरीव बसतो. माझ्या गाडीचा सगळ्यात जोरकस ओढा चार हजार फेऱ्यांनाच मिळतो. परातीतला पिस्टन नऊ हजारांवर नाचतो आणि आपली ताकद तिथे वर, माळ्यावर ठेवतो. माळ्यावर चढायचं तर रस्ता मोकळा हवा.

पुतण्या परीक्षेसाठी पुण्याला गेला तेव्हा ती गाडी आठ दिवस माझ्याकडे होती. चैत्र होता. जळगावात नेहरू चौक ते टॉवर चौक ती दुसऱ्या गिअरमध्ये धुसफुसत होती, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की मांडीला तव्याजवळ बसल्यासारखी धग लागायची. बांभोरीचा पूल, गिरणेचं कोरडं पात्र, विद्यापीठ, पाळधी, एरंडोल, सगळीकडे ती मला विचारत राहिली, आता? आता जाऊ? आणि मी तिला थांब, थांब म्हणत राहिलो. मग मुकटीच्या पुढे मोकळा पट्टा मिळाला. मूठ पिळली. पोटात खड्डा पडला, डोळ्यांना पाणी आलं, रस्त्याकडेची झाडं एकमेकांत मिसळून गेली. तो आनंद खरा आहे. तो पोरकट आहे, असं म्हणणाऱ्या माणसाने तो घेतलेला नसतो.

पण धुळ्यात पांझरेच्या पुलावर आलो आणि लक्षात आलं, फागणं कधी गेलं ते मला ठाऊकच नव्हतं. फागणं हे काही विसरायचं गाव नाही. हिवाळ्यात तिथून जाताना कुठल्यातरी शेतात कापसाच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत असतात आणि त्या धुराचा वास पाऊणशेच्या वेगाला बरोबर नाकात शिरतो. एकशेवीसला हेल्मेटात फक्त वारा असतो. शिवाय चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला कायद्याने ऐंशीचीच मर्यादा आहे. म्हणजे त्या त्रेचाळीस अश्वशक्तींतल्या निम्म्या मी आठ दिवस नुसत्या सांभाळत होतो, दुसऱ्याची तिजोरी सांभाळावी तशा. माझ्या विसातल्या वीसच्या वीस मी दर खेपेला वापरतो. एरंडोलचा चढ लागला, पुढे उसाची ट्रॉली असली, की गाडी जेवढी आहे तेवढी सगळी कामाला लागते आणि पुरते. पुरणं हा शब्द मला फार आवडतो. भाकरी पुरली, पाऊस पुरला, पगार पुरला. आमच्या भागात जे पुरतं ते चांगलं.

वेगाबद्दल मी जे काही शिकलो ते मात्र मोटारसायकलवर नाही शिकलो. ते सारंगखेड्याला शिकलो, पाचवीत असताना.

माझे मोठे काका, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, धुळ्याला राहायचे आणि त्यांच्याकडे जुनी बुलेट होती. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. ती सुरू करायची म्हणजे विधी असे. डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, किक हळूच खाली न्यायची, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की खटका सोडायचा, किक पुन्हा वर, आणि मग एकच, पूर्ण वजनाने. चुकली तर किक उलटून नडगीवर बसायची. नानांची मी कधी चुकलेली पाहिली नाही. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं, मफलर कानांवरून डोक्यावर बांधला आणि म्हणाले, चल. आई म्हणाली, शाळा? नाना म्हणाले, शाळेतच नेतो.

मार्गशीर्षातली थंडी. मी त्यांच्या पाठीला कान लावून बसलो होतो आणि इंजिनाचे ठोके त्यांच्या बरगड्यांतून ऐकू येत होते. दोंडाईचा जवळ आलं की नाक झोंबायला लागतं. तिथे मिरचीचा मोठा बाजार, आणि त्या दिवसांत पथारीवर लाल मिरची वाळत घातलेली. लांबून वाटतं, जमिनीवर लुगडी पसरलीत. मग टाकरखेडा, मग तापीचा पूल, आणि पुलावरूनच दिसतात पलीकडच्या काठावर दावणीला बांधलेले घोडे. शंभर, दोनशे, पुढे मोजणं सोडून द्यावं असे. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि त्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, सिंधी. लग्नाच्या वरातीसाठी पांढरेशुभ्र नुकरे. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातून व्यापारी येतात. माणसं घोड्याचे दात बघतात, खूर उचलून बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. अमुक ठिकाणचा भोवरा शुभ, तमुक ठिकाणचा मालकाला खातो.

एका व्यापाऱ्याने नानांना हेरलं. त्याने एक काळाभोर घोडा सोडवला, एका पोराला वर बसवलं आणि चौखूर पिटाळला. धूळ उठली, लोक बाजूला झाले, माझा श्वास अडकला. घोडा परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता आणि गर्दी टाळ्या वाजवत होती. नाना बिडी विझवत म्हणाले, "पयस ते कुत्रं बी. चाल दखाड."

पळतं तर कुत्रंही. चाल दाखव.

व्यापाऱ्याचा चेहरा बदलला. खरं गिऱ्हाईक आल्यावर बदलतो तसा. तो आत गेला आणि एक साधीशी, तांबूस घोडी घेऊन आला. वर पोराला बसवलं नाही, स्वतः बसला. लगाम सैल सोडला, टाच लावली, आणि घोडी निघाली. ती पळत नव्हती आणि चालतही नव्हती. चार पायांचे चार वेगळे ठोके पडत होते, एका लयीत, मृदंगावर बोटं पडावीत तसे. वेग चांगला होता, शेजारून दुडकत जाणारा एक घोडा मागे पडला. पण व्यापारी जागचा हलत नव्हता. त्याची पाठ सरळ, मांड स्थिर, फेट्याचा शेमला खांद्यावर जसा होता तसाच.

त्या चालीला रेवाल म्हणतात. दुडकीत घोड्याचे तिरक्या जोडीतले पाय एकदम उचलतात आणि मध्ये एक क्षण तो अधांतरी असतो, म्हणून स्वार आदळतो. रेवालीत एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात, एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून पाठ डुचमळत नाही. जाणकार या चालीला जास्त पैसे मोजतात. तेव्हा मला हे काही कळलं नव्हतं. मला फक्त एवढंच दिसलं की मघाशी टाळ्या वाजवणारी गर्दी आता गप्प होती आणि म्हातारी माणसं पुढे सरकून बघत होती.

नानांनी विचारलं, अशी किती जाईल? व्यापारी म्हणाला, सांजपर्यंत. उतराल तेव्हा तुम्हीही दमलेले नसाल आणि तीही.

नानांनी घोडी घेतली नाही. ते दरवर्षी जायचे आणि कधीच काही घ्यायचे नाहीत. परतताना पुलावर मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, आपण का नाही घेतली? त्यांनी डाव्या हाताने बुलेटची टाकी थोपटली. "हाई शे ना," म्हणाले. ही आहे ना. पंचावन्नच्या वेगात गाडी चालली होती. ऊन कलतं होतं, दोन्ही बाजूंना दादर ज्वारी उभी होती, आणि मी बहुतेक त्यांच्या पाठीवरच झोपलो.

मराठीत गाण्यालाही चाल असते. भजनी मंडळात नवा अभंग घेतला की टाळकरी आधी विचारतात, चाल कोणती? शब्द मागाहून. माझी आजी मोटारसायकलला फटफटी म्हणायची; तिने नाव दिलं ते आवाजावरून, वेगावरून नव्हे. माझ्या गाडीला पासष्ट ते पंचाहत्तरच्या मध्ये कुठेतरी तिची चाल सापडते. टॉप गिअर, मूठ जेमतेम उघडी, ठोके मोकळे पण मोजता येतील असे. तिथे आली की आरसे थरथरायचे थांबतात, खांदे खाली येतात आणि मला काही करावं लागत नाही. पारोळ्याच्या पुढे वारा पाठीवर असला तर ती आपण होऊन तिथे राहते. अशा वेळी मी कितीदा तरी मनात पूर्ण पत्रं लिहिली आहेत, एकदा भावाशी धरलेला अबोला सोडायचं ठरवलं आहे. (सायलेन्सर बदलून रस्ताभर फटाके फोडत जाणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे. ती चाल त्यांना ऐकूच येत नसणार.)

कमी पडते ती कुठे, तेही सांगायला हवं. आग्रा रोडला शिरपूरकडे जाताना दोन कंटेनर शेजारी-शेजारी लागले की मनात येतं, आत्ता दहा अश्वशक्ती जास्त असत्या तर. कन्नडच्या घाटात डबल सीट आणि सामान असलं की तिसरा गिअर सोडता येत नाही. त्या वेळी पुतण्याची गाडी आठवते आणि हेवाही वाटतो. पण वर्षातून असे प्रसंग किती? बोटांवर मोजण्याइतके. उलट तोरणमाळला जाताना सातपायरीच्या घाटात मी दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात करत वर चढलो, एक हजारावर मीटरची ती उंची, आणि वर पोचलो तेव्हा असं वाटलं की हा घाट आम्ही दोघांनी मिळून चढला. ड्यूक तो एकटी चढली असती.

सप्टेंबर २०२५मध्ये सरकारनेही माझ्या गाडीजवळच रेघ ओढली. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांवर चाळीस. माझी गाडी या रेघेच्या एक सीसी आत आहे.

त्या टपरीवरच्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, म्हणून इथे देतो. नाही रे, कंटाळा नाही येत. तुझी गाडीही छान आहे. पण यंदा दत्तजयंतीला जमलं तर सारंगखेड्याला जा, आणि हे वाचणाऱ्या कुणालाही जमलं तर त्यानेही जावं. धुळ्याहून दोंडाईच्यावरून रस्ता आहे. घोडे पळवतात तिथे फार वेळ थांबू नका. कुणातरी व्यापाऱ्याला रेवाल दाखवायला सांगा. तुम्ही घेणार नाही हे कळलं तरी तो दाखवतो. आणि सकाळी लवकर पोचा, तोवर धूळ उठलेली नसते.